ट्रॅक्टरची हवागाळणी : ती केव्हा साफ करावी व केव्हा बदलावी

ट्रॅक्टर बाळगणारा शेतकरी डिझेल स्वच्छ आहे की नाही हे पाहतो, इंजिनातील ऑइल वेळच्या वेळी बदलतो, रेडिएटर भरलेला आहे याची सकाळी खात्री करून घेतो. परंतु इंजिनाला डिझेलपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात लागणारी वस्तू म्हणजे हवा. ती फुकट मिळते आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. रोटाव्हेटरच्या मागे उठणारा धुराळा, मळणी यंत्राभोवती उडणारा भुसा व कोंडा, आणि ऊस वाहून नेताना कच्च्या रस्त्यावर उठणारा फुफाटा, या सर्वांतून ट्रॅक्टरचे इंजिन दिवसभर श्वास घेत असते. त्या श्वासातील धूळ अडविण्याचे काम हवागाळणी, म्हणजेच एअर क्लीनर, करीत असते.

या गाळणीच्या बाबतीत दोन प्रकारच्या चुका आढळतात. काही ठिकाणी ती वर्षानुवर्षे उघडलीच जात नाही. तर काही ठिकाणी ती रोज काढून, जमिनीवर आपटून, टायरच्या दुकानातील हवेने झोडपून पुन्हा बसविली जाते. पहिली चूक आळसाची व दुसरी अतिउत्साहाची; पण दुसरी पहिलीइतकीच, किंबहुना अधिक, घातक ठरते. मळलेली गाळणी डिझेल वाया घालविते व ट्रॅक्टरची ताकद कमी करते. फाटलेली, सैल किंवा चुकीची बसविलेली गाळणी मात्र इंजिनच झिजवून टाकते. हा फरक नीट समजला, तर गाळणी केव्हा साफ करावी व केव्हा बदलावी हे ठरविणे कठीण जात नाही.

इंजिनाला हवा किती लागते?

तीन सिलिंडरचे, सुमारे २५०० घन सेंटिमीटर क्षमतेचे, टर्बो नसलेले इंजिन उदाहरणादाखल घेऊ. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा हवा आत ओढतो. मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या तर हिशेबाने २५०० लिटर हवा आत जावयास हवी. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून ती सुमारे २००० लिटर धरू. म्हणजे तासाला १ लाख २० हजार लिटर, अर्थात १२० घनमीटर हवा झाली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा चार खोल्यांत मावेल त्याहून अधिक हवा हे इंजिन एका तासात पिऊन टाकते.

आता असे समजू की, कोरड्या रानात धुळीचे लोट उठले असून गाळणीजवळच्या दर घनमीटर हवेत १ ग्रॅम धूळ आहे. हे प्रमाण नेहमीचे नव्हे, फार दाट धुळीचे आहे. पण हिशेबाला सोयीचे आहे. आठ तासांत ९६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक किलो धूळ गाळणीच्या तोंडाशी येईल. गाळणी शेकडा ९९.९ धूळ अडवीत असेल, तर इंजिनात सुमारे १ ग्रॅम जाईल. शेकडा ९८ अडवीत असेल, तर सुमारे १९ ग्रॅम जाईल. आणि गाळणी कितीही चांगली असली, तरी तिच्यापुढील नळीला भेग पडून हवेचा दहावा हिस्सा न गाळताच आत शिरत असेल, तर सुमारे ९६ ग्रॅम धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाईल. एवढी माती आपल्या हाताने इंजिनात टाकण्यास कोणी धजावणार नाही. परंतु एका सैल क्लिपमुळे ती निमूटपणे आत जात राहते.

धूळ आत गेल्याने काय होते?

मातीतील बारीक वाळूचा कण हा बहुधा सिलिकाचा असतो. त्याचा कठीणपणा सिलिंडरच्या लायनरसाठी वापरल्या जाणाऱ्या बिडापेक्षा अधिक असतो. पिस्टनच्या रिंगा व लायनर यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पडदा असतो, त्याची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या काही पट इतकीच असते. त्यामुळे साधारणपणे ५ ते २० मायक्रॉन आकाराचे कण सर्वांत वाईट. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती सूक्ष्म असतात याची कल्पना यावी. असा कण तेलाच्या पडद्यातून दोन्ही बाजूंना टेकतो आणि पिस्टनच्या प्रत्येक खालीवर होण्याबरोबर धातू घासतो. घासलेला धातू व धूळ खालच्या ऑइलमध्ये मिसळतात आणि तेच ऑइल पुढे बेअरिंगपर्यंत पोहोचते. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या पंख्यालाही ही धूळ खाऊन टाकते.

याची परिणती ठरलेली असते. इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही, ऑइल खाऊ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ब्रीदरमधून वाफेसारखा धूर सुटतो आणि शेवटी रिंगा, पिस्टन, लायनर काढून इंजिनाचे संपूर्ण काम करावे लागते. अनेक ट्रॅक्टर कर्जावर घेतलेले असतात. ऐन पेरणीच्या किंवा ऊसतोडणीच्या दिवसांत इंजिन खोलावे लागले, तर दुरुस्तीचा खर्च, बुडालेले भाड्याचे काम व कर्जाचा हप्ता ही तिन्ही ओझी एकाच वेळी अंगावर येतात.

हवागाळणीचे दोन प्रकार

पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना तेलाची हवागाळणी, म्हणजे ऑइल बाथ, असते. तिच्यात हवा मधल्या नळीतून खाली येते, तळाच्या वाटीतील तेलावर आपटते व एकदम उलट वळून वर जाते. धुळीचे जड कण इतक्या चटकन वळू शकत नाहीत, म्हणून ते तेलातच अडकतात. उरलेली धूळ वरच्या तारेच्या जाळीवर चिकटते व तेलाबरोबर निथळून पुन्हा वाटीत उतरते.

नव्या ट्रॅक्टरांना बहुधा कोरडी गाळणी असते. तिच्यात घड्या घातलेल्या विशिष्ट कागदाचा बाहेरचा फिल्टर व त्याच्या आत लहान सुरक्षा फिल्टर असे दोन भाग असतात. आवरणाच्या खालच्या बाजूस धूळ बाहेर टाकणारी रबरी झडप असते. चांगल्या स्थितीतील कोरडी गाळणी तेलाच्या गाळणीपेक्षा अधिक बारीक धूळ अडविते. मात्र कागद फाटला की तिचा काहीच उपयोग राहत नाही. दोन्ही प्रकारांत सुरुवातीस भुसा व मोठे कण बाजूला काढणारी पूर्वगाळणी असू शकते. तिची वाटी किंवा जाळी भुशाने भरल्यास ती लगेच रिकामी करावी.

तेलाच्या गाळणीची निगा

१. दररोज, अथवा दर दहा तासांच्या कामानंतर, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून व इंजिन बंद करून वाटी काढावी. तेलाची पातळी वाटीवरील खुणेइतकी असावी. कमीही नको व अधिकही नको.

२. तेल कमी असल्यास धूळ पकडली जात नाही. खुणेपेक्षा अधिक असल्यास ते हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाते. असे घडले म्हणजे इंजिन ते तेल इंधनासारखे जाळू लागते. मग डिझेल बंद करूनही इंजिन थांबत नाही व त्याचा वेग वाढतच जातो. म्हणून खुणेच्या वर तेल कधीही भरू नये.

३. वाटीच्या तळाशी सुमारे एक सेंटिमीटर गाळ साचला, किंवा तेल दाट व चिखलासारखे झाले, तर सर्व तेल काढून टाकावे. साध्या कामात हे साधारणपणे ५० तासांनी करावे लागते. कोरड्या धुळीत मात्र ते रोजही करावे लागेल. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मुदत प्रमाण मानावी.

४. वाटी व सुटी होणारी जाळी डिझेलने किंवा रॉकेलने धुवावी. पेट्रोल वापरू नये. त्यामुळे आग लागण्याचा धोका असतो. धुतलेली जाळी पूर्ण निथळून कोरडी झाल्यावरच बसवावी, कारण तिच्यात राहिलेले डिझेल इंजिनात ओढले जाते.

५. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे स्वच्छ ऑइल भरावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल गाळणीत वापरू नये. जुने ऑइल विहिरीजवळ किंवा ओढ्यात न ओतता बंद डब्यात साठवावे.

ट्रॅक्टर उतारावर काम करीत असताना वाटीतील तेल इंजिनात जाऊ नये, यासाठी गाळणीची रचना विचारपूर्वक केलेली असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांचे जे परीक्षण होते, त्यात ट्रॅक्टर तिरपा ठेवून हवागाळणीतील तेल ओढले जाते की नाही हेही पाहिले जाते. परंतु ही खात्री खुणेइतके तेल भरलेल्या गाळणीपुरतीच असते, हे ध्यानात ठेवावे.

कोरड्या गाळणीची निगा

कोरड्या गाळणीच्या बाबतीत पहिला नियम असा की, ती मळलेली दिसते एवढ्याच कारणाने उघडू नये. कागदावर धुळीचा पातळ थर बसला म्हणजे तोच थर आणखी बारीक धूळ अडवू लागतो. त्यामुळे थोडी वापरलेली गाळणी अगदी कोऱ्या गाळणीपेक्षा चांगली गाळते. शिवाय प्रत्येक वेळी ती उघडताना थोडी धूळ आत सांडण्याचा संभव असतोच.

मग ती केव्हा उघडावी? पुष्कळ ट्रॅक्टरांवर यासाठी दर्शक बसविलेला असतो. हवा ओढताना इंजिनाला अधिक जोर लागू लागला की त्या दर्शकात लाल पट्टी दिसते, किंवा डॅशबोर्डावरील दिवा लागतो. तेव्हाच गाळणी साफ करावी. दर्शक नसल्यास पुस्तिकेतील तासांचे वेळापत्रक पाळावे. रबरी झडप मात्र रोज दोन बोटांनी दाबून साचलेली धूळ पाडावी. तिला गाळणी उघडावी लागत नाही.

साफ करण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे :

१. इंजिन बंद करून आवरण बाहेरून पुसून घ्यावे. क्लिपा सोडून बाहेरचा फिल्टर हलक्या हाताने फिरवीत काढावा. आतील सुरक्षा फिल्टर जागेवरच राहू द्यावा. आवरण पुसताना सांडणारी धूळ तोच अडवितो.

२. फिल्टर जमिनीवर, चाकावर किंवा दगडावर आपटू नये. आपटल्याने कडेची पत्रा-पट्टी वाकते व रबरी कड नीट बसत नाही.

३. हवा आतून बाहेर मारावी. बाहेरून आत मारल्यास धूळ कागदात रुतते. हवेचा दाब पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक नसावा. मर्यादा दिलेली नसल्यास दर चौरस इंचास ३० पौंडांहून अधिक दाब देऊ नये. टायर भरण्याच्या यंत्राचा पूर्ण दाब याहून फार अधिक असतो व तो कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पाडतो. नळीचे तोंड कागदापासून थोडे दूर धरावे.

४. कागदी फिल्टर डिझेल, रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊ नये, त्याला तेलही लावू नये. पाण्याने धुण्यास पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच धुवावा, व पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये.

५. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत विजेरी किंवा दिवा धरून बाहेरून पाहावे. सर्वत्र सारखा मंद उजेड दिसला तर कागद शाबूत आहे. कोठे ठळक प्रकाशाचा ठिपका दिसला, तर तेथे छिद्र आहे असे समजून तो फिल्टर टाकून द्यावा.

६. आवरणाची आतील बाजू व फिल्टर बसण्याची कड किंचित ओल्या स्वच्छ कापडाने पुसून फिल्टर बसवावा. रबरी झडप खालच्या बाजूस येईल असे झाकण लावावे व दर्शकाचे बटण दाबून लाल पट्टी पूर्ववत करावी.

फिल्टर केव्हा बदलावा?

पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट आढळल्यास बाहेरचा फिल्टर बदलावा : दिव्याच्या परीक्षेत छिद्र दिसणे, पत्र्याची कड वाकणे, रबरी कड कडक होणे किंवा तडकणे, कागद तेलाने किंवा काजळीने भिजणे, साफ करूनही दर्शक लगेच पुन्हा लाल होणे, पुस्तिकेत सांगितलेली साफसफाईची संख्या, तास किंवा वर्षाची मुदत पूर्ण होणे. पुष्कळ पुस्तिकांत पाच-सहा वेळा साफ केल्यानंतर अथवा एक वर्षानंतर फिल्टर बदलण्यास सांगितलेले असते.

आतील सुरक्षा फिल्टर कधीही साफ करावयाचा नसतो. तो फक्त बदलावयाचा असतो. तो बाहेरच्या फिल्टरच्या ठराविक बदलांबरोबर, बहुधा दर तिसऱ्या बदलास, बदलतात. बाहेरचा फिल्टर काढला असता आतील फिल्टर धुळीने माखलेला दिसला, तर बाहेरचा फाटला आहे किंवा नीट बसत नव्हता, असा त्याचा स्पष्ट अर्थ होतो. अशा वेळी दोन्ही बदलावे व धूळ कोठून शिरली याचा शोध घ्यावा.

नवा फिल्टर घेताना केवळ किंमत पाहू नये. जुना बरोबर नेऊन लांबी, व्यास व रबरी कड जुळवून पाहावी आणि पावती घ्यावी. थोडा आखूड फिल्टर आवरणात बसतो खरा; पण त्याच्या कडेवरून न गाळलेली हवा आत जाते.

गाळणीपुढील नळी

गाळणीपासून इंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी ही या सर्व व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. ऊन, उष्णता व हादरे यांमुळे ती तडकते व तिच्या क्लिपा सैल होतात. गाळणीच्या आधी गळती असेल तर धूळ गाळली तरी जाते. गाळणीनंतरच्या गळतीतून मात्र ती थेट इंजिनात पोहोचते. म्हणून दर आठवड्याला क्लिपा घट्ट आहेत हे पाहावे व नळी हाताने दाबून, वाकवून भेगा शोधाव्या. नळी सोडून तिची आतील बाजू पांढऱ्या कापडाने पुसावी. कापडावर मातीचा डाग उमटला तर गळती आहे, हे निश्चित. तडकलेल्या नळीला चिंध्या किंवा चिकटपट्टी गुंडाळून काम चालवू नये. नळी बदलणे हाच खरा उपाय होय. तसेच गाळणी काढलेली असताना इंजिन सुरू करू नये, मग ट्रॅक्टर केवळ गोठ्यात लावावयाचा असला तरीही.

धुरावरून ओळख

काम करताना काळा धूर येतो, ताकद कमी पडते व डिझेल अधिक लागते, अशा वेळी गाळणी तुंबली असण्याचा संभव असतो. ती प्रथम पाहावी. काळ्या धुराची नोझल किंवा पंप यांसारखी इतरही कारणे असतात, परंतु गाळणी पाहण्यास खर्च येत नाही. निळा धूर येत असेल व ऑइल कमी होत असेल, तर झीज होऊन गेलेली असू शकते. काळा धूर बहुधा गाळणी साफ केल्याने जातो. झिजेमुळे येणारा निळा धूर मात्र इंजिन खोलल्याशिवाय जात नाही.

काम करताना घ्यावयाची दक्षता

मळणीच्या वेळी वाऱ्याची दिशा पाहून ट्रॅक्टर उभा करावा. भुसा इंजिनाच्या दिशेने उडू देऊ नये. सोयाबीन, तूर व हरभरा यांच्या मळणीत पूर्वगाळणीची जाळी दिवसातून दोनतीन वेळा पाहावी. कच्च्या रस्त्यावर दोन ट्रॅक्टर मागेपुढे जात असतील, तर मागच्याने धुराळ्यात न जाता अंतर ठेवावे. गाळणी साफ केल्याची किंवा बदलल्याची तारीख व मीटरवरील तास एका वहीत लिहून ठेवावेत. पॉवर टिलर व पाण्याचे डिझेल इंजिन यांनाही हीच तत्त्वे लागू पडतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय भाषणापेक्षा प्रात्यक्षिकाने चटकन पटतो. खरिपाच्या मशागतीपूर्वी आणि रब्बीच्या मळणीपूर्वी अशा दोन वेळी गावातील ट्रॅक्टरधारक व चालक यांना एकत्र बोलवावे. मालक एक व चालविणारा दुसरा असे पुष्कळदा असते. म्हणून चालकाची उपस्थिती अगत्याची आहे. दोन साधने पुरेशी आहेत : एक विजेरी व एक पांढरे कापड. विजेरीने जुना फिल्टर तपासून दाखवावा, कापडाने नळीची आतील बाजू पुसून दाखवावी आणि तेलाच्या गाळणीतील पातळीची खूण प्रत्येकास आपल्या हाताने शोधावयास लावावी. ज्याच्या कापडावर डाग उमटेल त्यास दोष न देता, नळी किंवा क्लिप त्याच दिवशी बदलून घेण्यास साहाय्य करावे.

फिल्टर, नळी व क्लिपा यांचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीपुढे अगदी किरकोळ असतो. दर्शक लाल होईपर्यंत कोरडी गाळणी उघडू नये, छिद्र दिसल्यावर ती एक दिवसही ठेवू नये आणि तिच्यापुढील नळी सदैव घट्ट ठेवावी. एवढे तीन नियम पाळले, तर इंजिन आपले ठरलेले आयुष्य पुरे करील आणि हंगामाच्या दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा न राहता शेतात चालत राहील.